तीन काळ्या बरण्या

खानापुरात आमच्या शेडच्या फळीवर
काचेच्या तीन बरण्या होत्या,
तिन्हींत काळी भुकटी.
एकीवरची चिठ्ठी मराठीत, एकीवरची कन्नडमध्ये,
तिसरीवरची वाळवीने वाचून संपवलेली.

चन्नव्वा अक्काला दोन्ही वाचता येत नसे.
ती बरणी उचलून हातातच तोलायची.
"हे जड, कोबाल्ट.
हे बोटाला धरतंय, चार दिवस जात नाही, मँगनीज.
उरलं ते तांबं. त्यात काय वाचायचं?"

मी शिकून आलेली.
माझ्याकडे वही होती, ग्रॅमचा तराजू होता,
अर्धा टक्का, दोन टक्के, सहा,
प्रत्येक आकड्याखाली लाल रेघ.

लोंढ्याच्या एका खानावळीने साठ वाडगे सांगितले,
निळे, शाळेच्या स्कर्टासारखे निळे.
मी मोजलं, चाळलं, पाण्यात कालवलं.
बादलीत सगळं राखाडी.
कच्च्या ग्लेझला रंग नसतोच,
नुसता वायदा असतो.

तिसऱ्या दिवशी भट्टीचं दार
एकेक वीट काढत उघडलं
आणि आतून हिरवं आलं.
कोवळ्या फणसाच्या सालीचं हिरवं,
थरावर थर.
अक्का म्हणाली, "तांबं घातलीस गे."
हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.

खालच्या थरात, चुलवणाच्या तोंडाशी,
जिथे ओली लाकडं रात्रभर धुमसत राहिली
आणि आतली हवा कमी पडली,
तिथला एक वाडगा लाल निघाला.
एकटाच.
पोटाकडे बोकडाच्या काळजासारखा दाट,
काठावर मात्र पातळ होत होत तपकिरी,
कारण आमच्या मातीत लोखंड उपजतच आहे,
वरून काहीही चढवा,
काठाशी, कानाशी ते वर येतंच.

मी वही चाळली.
वहीत तांब्यापुढे फक्त हिरवा होता.
अक्काने वाडगा पालथा केला, पदराने पुसला,
बुडावर नखाने टिचकी मारून ऐकला.
"श्वास कोंडला की तांबं असं करतंय," म्हणाली.
"माणूस नुसतं काळं पडतंय."

खानावळवाल्याने हिरवे घेतले, दर पाडून.
लाल फुकट मागितला.
अक्काने तो आधीच
मँगनीजच्या बरणीमागे सरकवून ठेवला होता.

पुढच्या उन्हाळ्यात ती बैलहोंगलला लेकीकडे गेली ती गेलीच.
जाताना वाडगा वर्तमानपत्रात गुंडाळून
माझ्या तराजूवर ठेवला.
काटा एका बाजूला टेकलेला,
सकाळी मी आले तेव्हा.

नव्या चिठ्ठ्या मी दोन्ही लिप्यांत लिहिल्या, गोंदाने चिकटवल्या.
तरी आधी बरणी उचलते,
मग वाचते.

वाडगा घरी आहे. त्यात मीठ ठेवते.
झाकण नाही त्याला. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं
आणि लाल आणखी लाल दिसतो.