उसवण

टाका संपला की दोरा दातानं तोडायचा,
हे मी तुला कधी शिकवलं नाही.
तुझे खालचे दात वरच्यांच्या पुढे उभे,
मापात चुकलेल्या कोटासारखे,
एक बाजू दुसरीवर येतच नाही.
म्हणून तुझ्या गळ्यात कायम ती छोटी कात्री,
रिबिनीला बांधलेली.

शाळेतली पोरं काय म्हणायची ते तू सांगितलं नाहीस.
सफरचंद मात्र फोडी करून डब्यात मागायचीस.

"हाडं वाढायची थांबू देत," डॉक्टर व्रूबेल म्हणाल्या.
थांबलो. तुला एकोणिसावं सरलं.
विम्याच्या कचेरीत मी दाताच्या कण्या केल्या.
मग तारा आल्या, आणि तुझं तोंड
महिन्यागणिक आणखीच बिघडत गेलं.

मी भांडायला गेले.
बाईंनी प्लास्टरच्या साच्यावर बोट ठेवलं :
इतकी वर्षं हे दात कलून कलून
जबड्याची चूक झाकत होते.
आधी त्यांना सरळ उभं करायचं,
चूक पुरती उघडी पाडायची,
मग हाड कापायचं.
मी शिवणकाम करते. पुढचं सांगावं लागलं नाही.
उसवल्याशिवाय का कुठे बाही बसते!

वूचमध्ये, नोव्हेंबरात, पाच तास.
इस्पितळाच्या बाकावर मी कुणाच्या तरी पडद्याला किनार घातली,
घरी येऊन बघते तर उलट्या बाजूनं.

मग रबरांनी बांधलेले सहा आठवडे.
बीटचं सार, दोनदा गाळून, पिचकारीनं, गालाच्या आतून.
रुमालावरचा डाग बीटाचा की तुझा,
दोघी दिव्याखाली धरून बघायचो.
नाताळच्या आदल्या रात्री घरानं मासा खाल्ला.
तू कागदावर लिहिलंस, मला नुसता वास द्या.
पण सणाची ती कागदासारखी पापडी
सगळ्यांबरोबर मोडलीस. तिला दात लागत नाहीत.

सूज उतरली.
एका सकाळी तू ट्रामच्या थांब्यावर उभी,
मी खिडकीतून पाहिलं,
आणि लुत्स्यान कुठेच नव्हता.
तुझा बाप. अकरा वर्षं झाली जाऊन,
पण हनुवटी तुझ्यापाशी ठेवून गेला होता.
बावीस वर्षं ट्राम चालवली त्यानं,
डबा मात्र शेवटच्या थांब्यावर, एकट्यानं,
पाव बोटांनी तोडून तोडून.
हे कुणाला सांगू?
मागितलं तेच मिळालं,
आणि मी नळ सोडून रडले.

आज तू कोटाला बटण लावत होतीस.
कात्री गळ्यातच. तू मान वाकवलीस, आणि
टक्.

दोघींनाही ऐकू आलं.
खालच्या ओठाला अजून जाण नाही तुझ्या,
निळ्या दोऱ्याचं तूस तिथंच चिकटलेलं,
तुला पत्ता नाही.

मी ते लगेच काढलं नाही.