खोड

तळ्याकाठच्या शिबिरात पास्टरबाईंनी विचारलं,
होउकुतुस आणि किउसाउस, फरक काय?
पंधरा वर्षांची मुलं, ओले केस, डासांनी फोडलेले पाय.
कोणी म्हणालं, एकच.
कोणी म्हणालं, दुसरा प्रार्थनेत येतो.
दारात सरपण घेऊन ओइवा उभा होता.
त्याला कोणी विचारलं नव्हतं.

ओझं खाली ठेवून म्हणाला,
माझं एक बदक आहे, पाइनच्या खोडातून कोरलेलं.
मान हिरवी रंगवली, पोटाला शिशाचं वजन.
ऑगस्टात पाण्यावर सोडतो,
वरून जाणारी खरी बदकं त्याला बघून उतरतात.
ते होउकुतुस.
बाहेर असतं, तरंगतं, त्याला दोरी असते
आणि दोरीच्या टोकाला कोणीतरी बसलेलं असतं.
कुओपिओतलं दारूचं दुकान तसंच.
मी रस्ता बदलला. झालं.

आणि किउसाउस?
वर्गात एक पोरगा असतो ना,
मागच्या बाकावरून मानेवर टिचकी मारणारा?
त्याच्या धंद्याचं नावही ह्याच शब्दातलं.
मुलं हसली. इल्मी हसली नाही.

जानेवारीत बर्फ दीड हात,
सगळ्यात जवळची बाटली चाळीस किलोमीटरवर,
अकरावं कोरडं वर्ष, सॉनात एकटा बसलेलो,
आणि मानेवर टिचकी.
वळून बघतो तर
भिंत.

हे मराठीत लिहायला घेतलं तेव्हा
मोह आला, प्रलोभन आलं, आमिष आलं,
सगळे इस्त्रीचे कपडे घालून.
टिचकी एकालाही मारता येईना.
मग कोपऱ्यातून खोडी पुढे झाली,
आणि तिच्यामागून तिची थोरली बहीण खोड,
ती, जित्याची, मेल्याशिवाय न जाणारी.
आणि झाडालाही खोडच असतं,
हे ओइवाला कोण सांगणार.

इल्मीनं विचारलं, बदकाला काय वाटत असेल?
कुठल्या?
लाकडाच्या.

ओइवानं टोपी काढली, परत घातली.
गेल्या साली एक नर त्याच्या शेजारी येऊन बसला.
बंदूक मांडीवर होती. दुपार गेली.
लाकडाला काही होत नव्हतं,
हा मात्र हलेना.
मी दोरी ओढली, तर मागोमाग आला
पार काठापर्यंत,
माझ्या बुटांपर्यंत.

मग? मारलंत?

ओइवा वाकून
एकेक लाकूड उचलू लागला.