मागे माणूस

गोलकीपरला माणसं पाठीकडून कळतात.
तीन वर्षं मी लिंबानी फिरीची पाठ पाहिली.
चार नंबर, चारचा खालचा दांडा उखडलेला,
घाम सुकला की जर्सीवर मिठाची रेघ,
रोज वेगळ्या उंचीवर,
तापीच्या पुलाखांबावर पूर मोजतात तशी.

शिरपूर. फार्मसी कॉलेजच्या मागची काळी जमीन.
उन्हाळ्यात भेगा पडत,
आणि सरळ येणारा चेंडू ऐन वेळी विचार बदले.
पलीकडे दिवाळीपर्यंत कपाशी.
कपाशीत गेलेला चेंडू आणायला तोच जाई
आणि एक बोंड न मोडता परते.

लिंबानीचा लिंबा कुणी केला, आठवत नाही.
मेसच्या वत्सलाबाईंनी नक्कीच नाही.
त्यांच्या सासऱ्याचं नाव लिंबा,
त्या ते कसं घेतील?
"ओ मलावी, भाकर लागस का?"
असं ओरडत, आणि दोन जास्तच वाढत.

पात्रतेच्या फॉर्मवर गाव, तालुका, जिल्हा.
त्याने गाव लिहिलं, न्खोटाकोटा,
आणि पेन उचललं.
भावसार क्लार्कने चष्मा वर केला.
"तालुका कोरा ठेवता येत नाही, फॉर्म परत येतो."
स्वतःच जांभळ्या शाईने लिहून टाकलं: शिरपूर.
लिंबा त्या शब्दाकडे बराच वेळ बघत होता.
नोंदणीसाठी धुळ्याला एसपी ऑफिसच्या बाकावर
तो दर वेळी अख्खा दिवस काढायचा,
तिथे त्याला कुणी तालुका दिला नव्हता.

भुसावळच्या सामन्यात तारेपलीकडून
काही पोरं त्याच्या रंगावरून ओरडत होती.
माझ्याकडे त्याची पाठच होती. ती हलली नाही.
रुमाल्या पावरा, आमचा लेफ्ट विंग,
पाणी पिताना म्हणाला,
"मला पण म्हणतात. मी तर इथलाच आहे."
एवढंच. मग बाटली पुढे केली.
मी ग्लोव्हज काढले, परत घातले.

त्याच सामन्यात शेवटच्या मिनिटाला
चेंडू लिंबाच्या टाचेला लागून आमच्याच जाळीत.
गुडघ्यावर बसला, जमिनीकडे पाहून
अस्सल अहिराणीत एक शिवी दिली,
चुकीच्या लिंगात.
हरलेला अख्खा संघ हसत सुटला,
रेफरी, तोही जळगावचा, शिट्टी वाजवायची विसरला.

एकदा रुमाल्याकडे गेलो, सातपुड्याच्या पायथ्याला.
आईने मक्याची राबडी केली.
लिंबाने पळी मागून घेतली, म्हणाला, अजून पीठ.
आणि अजून.
घोटत राहिला, पळी मध्ये उभी राहीपर्यंत.
हाताने गोळा केला, भाजीला लावला, डोळे मिटले.
आईने चाखलं, पावरीत काहीतरी बोलली.
रुमाल्याने भाषांतर केलं नाही.

माझं काम ओरडायचं.
"लिंबा, मागे माणूस!"
म्हणजे समोरचा संघ पाठीवर येतोय, सोड चेंडू.
शेवटच्या वर्षी, बसस्टँडवर, बॅगेवर बसून
तो म्हणाला, पहिलं वर्षभर
मला वाटायचं, तू सांगतोयस की तू आहेस.
म्हणून मी चेंडू सोडायचो नाही.
म्हणजे ते सगळे गोल
माझ्या मराठीमुळे खाल्ले आम्ही.

आता माझं दोंडाईच्याला मेडिकल आहे.
परवा त्याचा आवाज आला फोनवर.
तळ्याकाठचं वारं, धडाधड पळणारी पोरं,
आणि मध्येच कुणीतरी, बारीक गळ्याने,
"मागे मानूस!"
लिंबा हसत होता. म्हणाला, दोन्ही अर्थ शिकवलेत.

काउंटरवर गिऱ्हाईक ओआरएस मागत होतं,
ऑरेंज नको, साधं.
मी मागे वळून पाहिलं.
शेल्फ होतं.
साधं तिथेच होतं, तिसऱ्या फळीवर.