कारणाचा रकाना

बुधवारी दुपारी दोघं एकाच गाडीतून आले,
एर्लिस आणि हेडन,
आणि शेजारशेजारचे दोन संगणक मागितले.
अ‍ॅमनफर्डच्या वाचनालयात एका कार्डावर एक तास मिळतो.
मी तिथं मदतीला असते. नियम एवढाच,
की कीबोर्डला मी हात लावायचा नाही.

वकील नको, हेडन म्हणाला,
वकिलाला देण्याइतकं भांडण
आमच्यात उरलंय कुठं.

अर्जदार एक कोण आणि अर्जदार दोन कोण,
इथंच दहा मिनिटं गेली.
तू हो. नको, तूच हो.
दारात अडलेल्या पाहुण्यांसारखं.
शेवटी ती झाली एक,
कारण चष्मा तिनं आणला होता.

लग्नाचा दाखला बिस्किटांच्या डब्यातला.
त्याचा फोटो तिसऱ्या वेळी नीट आला.
वडिलांचा धंदा: कोळसा खाण, जमिनीवर.
खाली उतरायचे नाहीत ते, छातीमुळं, ती म्हणाली.
फॉर्मनं हे विचारलं नव्हतं.
तिनं मला सांगितलं.

तारीख हेडननं चटकन सांगितली,
गाव मात्र चुकवलं.
तिथं आपण जेवलो रे.
लग्न इथल्या चॅपलात.

मग ते वाक्य आलं:
विवाह मोडला आहे, पुन्हा न जुळण्याइतका.
समोर एक रिकामा चौकोन.
तिनं बाण चौकोनापर्यंत नेला आणि थांबली.
कारण कुठं लिहायचं?

कारण विचारत नाहीत आता, मी म्हणाले,
कायदा बदलला.
पुढच्या पानावर?
तिथंही नाही.

तिनं पर्समधून कागद काढला,
चार घड्या घातलेला, पाठपोट लिहिलेला,
मध्येच एका ओळीत पेन बदललेलं.
चौतीस वर्षं, ती म्हणाली,
आणि यांना वाचायचंच नाही?

हेडन स्वतःच्या पडद्याकडं बघत होता.
तिथं अजून काहीच उघडलं नव्हतं.
मला दे वाचायला.
तुला काय वाचायचंय, तू तर तिथंच होतास,
असं म्हणून तिनं घड्या परत घातल्या,
जुन्याच रेघांवरून.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
रेडिएटर तेवढा टकटकत होता.
पडद्यावर सूचना उगवली:
तुम्ही अजून इथं आहात का?
दोन मिनिटांत सगळं पुसलं जाईल.
दोघांचे हात एकदम माऊसवर गेले.
तिचा खाली होता,
म्हणून होकार तिचाच धरायचा.

त्याच्या ईमेलवर त्याचा भाग आला.
त्याला पासवर्ड आठवेना.
तिनं सांगितला, हळू आवाजात, माझ्याकडं पाठ करून:
आधीच्या कुत्रीचं नाव, पुढं ती मेली ते साल.
तू कधी बदलला नाहीस, ती म्हणाली.
तक्रार होती का, ते मला कळलं नाही.

काडीमोड म्हणतात,
पण काडी मोडताना निदान आवाज होतो.
इथं हेडननं एका बोटानं कळ दाबली,
आणि आता वीस आठवडे
दोघांनी कळ काढायची.

छापील प्रत हवी होती.
आठ पानं, पानाला वीस पेन्स.
त्यानं सगळी नाणी काउंटरवर मांडली.
तिनं तिचे ऐंशी त्याच्या हातात मोजले,
दहा कमी पडले.
राहू दे.
नाही, लिहून ठेव.
आणि त्यानं खरंच लिहिलं,
अर्जाच्याच मागं.

चारनंतर तिच्या बाजूला बस जात नाही.
खिडकीतून दिसलं, ती मागच्या सीटवर बसली.
पुढच्या सीटवर
कुत्र्याच्या खाण्याची पिशवी होती, फार मोठी नाही.
उचलून मागं ठेवता आली असती.