आवाज ल्हान येता

पहिल्यांदा आली तेव्हा इतकंच म्हणाली,
डिस्क पदरानं पुसून काउंटरवर ठेवत:
‘आवाज ल्हान येता.’

टीव्ही साठावर नेला तरी राजा कुजबुजतो,
आणि नाटक थांबवून केबल लावली
की साबणाची जाहिरात घर डोक्यावर घेते,
शेजारचा कुत्रा भुंकत सुटतो.

डिचोलीच्या बाजारात माझं दुकान.
खाली टेलर, वर मी.
लग्नं, मुंजी, जत्रेतली नाटकं,
लोक टेपा आणतात बुरशी लागायच्या आधी,
खरं तर बहुतेक लागल्यावर.
हिची हाय-एट, सत्त्याण्णव सालची,
मेणकुऱ्याच्या देवळापुढचा मंडप,
तीन अंकी ऐतिहासिक, पहाटे साडेचारपर्यंत.

प्लेअर बदलला. वायर बदलली.
मग एन्कोडर उघडला.
तिथं एक आकडा असतो, कुणी बघत नाही:
संवादाची पातळी, उणे सत्तावीस.
म्हणजे यंत्र आधीच धरून चालतं
की माणसं जोरातच बोलतात, थोडी दाबलेली बरी.
उणे एकतीस केलं. चार डेसिबल सुटले.
चार डेसिबल म्हणजे
कडी काढली, दार उघडलं नाही.

नॉर्मलाईज दाबलं. रेघ हललीच नाही.
शोधलं, तर दुसऱ्या अंकात, एक तास बारा मिनिटांवर,
कुणीतरी मंडपामागं फटाका लावलेला.
यंत्र सगळ्यांत मोठा आवाज बघतं
आणि सांगतं, हा छताला टेकलाय,
आता कुणालाच वर नेता येणार नाही.
एका फटाक्यापायी तीन अंक खाली बसलेले.
आमच्या ग्रामसभेत हे मी पाहिलंय.

फटाका कापला. सगळं वर आलं:
राजा, सेनापती, ऑर्गन,
जनरेटर, चण्यांच्या पुड्या, रडणारं पोर,
आणि सगळ्यांच्या अलीकडे, अगदी कानाशी,
एक खरखरीत माणूस,
राजाचं प्रत्येक वाक्य राजाच्या आधी बोलणारा.
कॅमेरा डाव्या विंगेला टेकवलेला. प्रॉम्प्टर.
मी डावा चॅनल अख्खा बंद केला,
उजव्याचीच नक्कल दोन्हीकडे लावली.
रात्रीचे दोन. राजा इतका स्वच्छ
की मिशीचा गोंद ऐकू यावा.

चौथ्या दिवशी पुन्हा ती. तीच पिशवी.
‘आतां आवाजच ना.’
मी लावून दाखवलं. भिंतीवरच्या फ्रेमा थरथरल्या.
राजाचं भाषण संपेपर्यंत ती थांबली.
मग म्हणाली, राजा झालेला काशिनाथ
अजून रोज दुधाच्या सोसायटीत भेटतो,
भरपूर बोलतो.
‘हांव तांकां सोदतां.’
कुणाला, विचारलं. नाव घेईना.
बोट दाखवलं: पडद्यावर नव्हे,
टीव्हीच्या डाव्या कडेच्या बाहेर,
जिथं माझं कॅलेंडर आहे.

मूळ फाईल ठेवली होती. सवय, पुण्य नव्हे.
तिसरी डिस्क उलटी केली:
डावा वर, उजवा खाली,
जनरेटरसुद्धा असू दे म्हटलं.

तिसऱ्या अंकात राजा विसरतो.
कालपर्यंत तिथं नुसती शांतता होती, एकोणीस सेकंद,
मी ती कापणार होतो.
आता ऐकू येतं: ‘तलवार…’
राजा गप्प.
‘तलवार…’
पान उलटल्याचा आवाज. एक खोकला.
मग हळू, घरातल्यासारखं,
‘आरे काश्या, तलवार मरे.’

तिनं रिमोट मागून घेतला,
आवाज बारावर आणला,
आणि स्टुलावर बसून ऐकत राहिली, ओठ हलवत,
त्याच्याही एक शब्द आधी.