घटकाभर

पानाचं नाव 'घटकाभर'.
चित्रात काहीच घडत नाही,
दिव्याच्या वीतभर अलीकडे थबकलेला पतंग,
आणि खाली बारीक अक्षरांत:
समोरच्याचा वार एक फेरी लांबवा,
नाहीतर दोन पानं ओढा,
नाहीतर खर्ची पडलेलं आपलंच एक परत हातात घ्या.
मोल, दोन नाणी.

इतक्या कामांचं पान. मी आलं की टाकायचे,
पाणी जायच्या आत बादली भरून घ्यावी तसं.

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा,
गवाणकर स्टेशनर्सचा पोटमाळा.
रविवारी आम्ही सात-आठ जण, मी सोडून सगळे विशीच्या आतले.
समोर बोनकोड्याचा दिव्येश घरत,
अकरावीत दुसऱ्यांदा, नखं कुरतडलेली,
पण पान ठेवतो ते निजलेलं बाळ ठेवावं तसं.

जूनमध्ये माझा गेंडा त्याच्यावर चालून गेला. तो गप्प.
माझे तिरंदाज गेले. गप्प. नऊ प्राण उरले, सहा उरले.
मला वाटलं, पोराच्या हातात काही नाही.
मग मी असेल-नसेल ते सगळं पुढे लोटलं,
राखणीला एक प्यादं ठेवलं नाही,
तेव्हा म्हणाला, "ताई, घटकाभर."

वार हवेतच राहिला.
माझी माणसं दमून आडवी, आणि पाळी त्याची.

त्यानंतर मी राखायला शिकले. इतकं, की
गणपतीच्या आधल्या रविवारी ते हातात धरूनच हरले.
लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या गरगरत असतात,
झाकण मध्येच उघडायचं नाही, हे मला कळतं.
पण यंत्र थांबलं की तिथे शिटी वाजते.
इथे शिटी नाही.

आज साडेनऊ झाले.
खाली गवाणकरांनी शटर ओढलं, गुडघ्यापर्यंत,
आणि "बंद करतोय हां" म्हणत उधारीची वही काढून बसले.
दिव्येशकडे तीन हत्ती. माझे प्राण चार.
मी दोन नाणी बाजूला सरकवली,
एकावर एक, नीट,
आणि उजवीकडच्या पानावर अंगठा ठेवला.

तो नाण्यांकडे बघतोय.
हत्तीवर बोट ठेवतो, उचलतो, कानामागे खाजवतो.
"राहू दे," म्हणतो, "पुढच्या फेरीत."

माझं घटकाभर गड्डीत आहे, कुठेतरी तळाशी.
अंगठ्याखाली आहे ती साधी होडी.
मी एक पान ओढते.