चिंचेचं पाणी

फ्लीटवुडला डिसेंबरात चारलाच दिवे लागतात.
विल्फ एंटव्हिसलच्या स्वयंपाकघरात
जुन्या वर्तमानपत्रावर त्याची बोट,
हातभर लांब, मासेमारीची,
अकरा हिवाळे खपून बांधलेली.
हल्ली त्याची बोटं थरथरतात,
म्हणून मला हाक मारली.

कठड्याच्या खुंट्या, दोर अडकवायच्या कड्या,
मसुराएवढ्या खिडक्यांची गोल कडी,
मागचा पंखा, पुढची घंटा.
सगळं पितळ काळपट-हिरवं,
खिशात विसरून धुतलेल्या नाण्यासारखं.

तो म्हणाला, व्हिनेगर आणि मीठ.
मी चिंच आणली होती, प्रेस्टनच्या दुकानातली,
कोमट पाण्यात कोळून, जॅमच्या बाटलीत.
त्याने झाकण उघडून वास घेतला,
एक भुवई वर नेली
आणि खुर्ची जवळ ओढली.

आधी जुनं व्हार्निश सोडवायचं, कापसाने.
मग टूथब्रश. मग काडीला गुंडाळलेलं फडकं.
लाकडाला थेंब लागू द्यायचा नाही.
चिंच मुरते तसं पितळ आधी गुलाबी होतं,
लाजून नव्हे, खरचटल्यासारखं.
पुसत राहिलं की मग पिवळं.
दोनदा चहा झाला. एक खुंटी निसटून
फ्रिजखाली गेली, ती झाडूच्या दांड्याने काढली.
शेवटी घंटेत आम्ही दोघं दिसू लागलो,
नाकं मोठी, कपाळं नाहीतच.

विल्फ बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "फार चकाकलं रे.
कामाची बोट ही. आइसलंडच्या पाण्यात
पितळ घासायला सवड कुणाला?"
मी ओशाळलो. ब्रश तसाच हातात.
"असं ते सांगायचे," तो म्हणाला,
"परत आलेले. मी नाही गेलो कधी.
गोदीवर बर्फाच्या कारखान्यात होतो, चाळीस वर्षं.
बोट जरा हलली की
पोटातलं सगळं तोंडाशी यायचं."

आमच्याकडे म्हणतात, पितळ उघडं पडलं.
पण ते त्याला कुठल्या तोंडाने सांगू?
दोन वर्षं तो मला समुद्रकाठचा समजत होता,
भरती-ओहोटीचं विचारायचा,
आणि मी मान डोलवायचो.
आज सांगून टाकलं:
माझं गाव जालना. तिथून समुद्र रात्रभराच्या वाटेवर.
तिथे बोट म्हणजे हाताचं,
पाचांतलं एक.

तो हसला, खोकला, पुन्हा हसला.
मग म्हणाला, खिडकी उघड.
खारा वारा आत आला, पडदा भिजका.
बोट खिडकीच्या फळीवर ठेवली, नाक समुद्राकडे.
व्हार्निश लावू नकोस, म्हणाला,
महिन्याभरात येईल तिचा रंग तिला.

मी बाटली धुतली, बाह्या खाली केल्या.
दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला,
"घंटेला मात्र दे एक हात."